खिळा

अकरा वर्षांनी इलाहीचा फोन आला
आणि पहिलं वाक्य हे :
"आधी प्लग काढ. किक हाणू नकोस येड्यागत."
बरा आहेस का, नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेही नाही.
मिरजेत, पोराच्या घरात बसून
त्याला कुणीतरी कळवलं होतं
की मी ताडपत्री काढलीय.

एकोणऐंशीची येझदी.
उद्यमनगरात एकाच शेडमध्ये लेथवर होतो,
तेव्हा दोघांच्या पगारातून घेतलेली, निम्मी निम्मी.
भांडण कशावरून झालं
ते आता आम्ही दोघं वेगवेगळं सांगतो,
रक्कम तेवढी तीच : तीन हजार चारशे.
किल्ली त्यानं नेली. आरसी बुक माझ्या कपाटात.
गाडी बोळात.

प्लग काढला. भोकातून बॅटरी मारली,
सिलिंडरच्या भिंतीला गंजाची तांबूस साय.
"डिझेल आणि ऑइल ओत, निम्मं निम्मं. रात्रभर राहू दे.
जोर केलास तर रिंगा तुटतील."
उभा जन्म लोखंड कापण्यात गेला माझा,
आणि हा मला शिकवतोय.
ओतलं. राहू दिलं.

सकाळी गिअरात टाकून
मागचं चाक हातानं पुढं, मागं, पुढं, मागं.
नखभर हललं.
तेवढ्यावर मी खाली बसलो आणि चहा मागवला.

टाकीतल्या पेट्रोलची काकवी झालेली,
वास मात्र जुन्या व्हार्निशचा.
कार्बोरेटर परातीत सोडवला.
जेटमध्ये तार घालायची नसते, भोक मोठं होतं.
केरसुणीची काडी घातली, फुंकलं,
डोळ्याला लावून आभाळाकडं धरलं :
राळ्याहून बारीक उजेड.

पॉइंटला पॉलिश पेपर मारला. फट मोजायला गेज सापडेना.
आरसी बुकाखाली लग्नपत्रिका होती,
त्याच्या मेहजबीनची. मी गेलो नव्हतो.
कोपरा कापला, पॉइंटमध्ये सरकवला.
बसला. जरा घट्ट, हवा तसा.
"कशानं मोजलंस?"
"अंदाजानं," म्हटलं.

"आता ठिणगी बघ."
"त्याला किल्ली लागते, इलाही."

फोनवर नुसता पंखा ऐकू येत राहिला, त्याच्या घरातला.

या गाडीची किल्ली म्हणजे काय, एक खुंटी.
खिळा घासून घातला तरी चालतो.
उद्यमनगरातल्या शेंबड्या पोराला ठाऊक.
त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.
अकरा वर्षं विचारणाऱ्याला सांगत आलो,
किल्ली नाही हो.

लेथवर दोन मिनिटं लागली.
खिळा दाबला, हेडलाइटवर लाल दिवा आला.
प्लग हेडला टेकवून किक फिरवली :
निळी. टिच्चून निळी.
"हं," तो म्हणाला, मी काही बोललो नव्हतो तरी.

मग किक. सत्तावीस मोजल्या, पुढं मोजल्या नाहीत.
प्लग ओला झाला, गॅसवर वाळवला.
पिंढरीत गोळा आला. शिवी आली, ती त्याला की गाडीला
कळायच्या आत
ती खोकली, 
पुन्हा खोकली, आणि धरलं तिनं.

फोन सायलेन्सरपाशी नेला.
इलाही ऐकत राहिला बराच वेळ.
"उजवा बोलंना झालाय."
खरंच. पिस्टन एकच, सायलेन्सर दोन,
आणि धूर एकट्या डाव्यातून.
खिळा उपसला. वाकून बघितलं.
उजव्याच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं,
एकाला चिकटून एक खोल्या,
प्रत्येकीला एक भोक, निघून गेल्याचं.
"कुणी आहे का आत?" त्यानं विचारलं.
"नाही. गेली सगळी."
"मग काढ."

सळईनं काढलं. पुन्हा खिळा, पुन्हा किक, तिसऱ्यालाच.
आता दोन्हीकडून पांढरा धूर,
बोळ भरला, बाहेरचा रस्ता भरला,
समोरच्या फाउंड्रीतला पोरगा
वाळूची बादली घेऊन पळत आला, काय पेटलं म्हणून.
"टायमिंग चुकलंय," फोन म्हणत होता,
"ऐकतोयस का? टायमिंग चुकलंय जरा."
ऐकत होतो.
पोराला हातानंच सांगितलं, बादली ठेव,
आणि ॲक्सिलरेटर सोडला नाही.